अक्षरांचा माग : विळा, काठी, अर्धी भाकरी, दाताळे



या सदराची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. दर वेळी इंग्रजीतली चार-दोन अक्षरे धरायची आणि ती ज्या शब्दांत सापडतील त्या शब्दांचा माग काढत जायचे. दावे तोडून गेलेले जनावर खुरांच्या ठशांवरून शोधतात, तसाच हा प्रकार. त्याला मोठे इंग्रजी यावे लागत नाही. ठसा ओळखता आला की काम भागते.

या आठवड्याचा ठसा तुमच्याच घरातला आहे. फवारणीच्या बाटल्या आणि पुड्या तुम्ही जिथे ठेवता, तिथे तो सापडेल. अक्षरे चार : सी, आय, डी आणि ई. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी मोठ्या लिपीतली ही अक्षरे अशी ध्यानात ठेवावीत. सी म्हणजे विळा. आय म्हणजे उभी काठी. डी म्हणजे उभी धरलेली अर्धी भाकरी. आणि ई म्हणजे तीन दातांचे दाताळे. विळा, काठी, अर्धी भाकरी, दाताळे. हे चौघे याच क्रमाने एका ओळीत उभे दिसले की त्यांचा उच्चार होतो ‘साइड’, आणि अर्थ होतो ‘मारणारा’.

छोट्या लिपीत वळणे थोडी बदलतात. ती घरातल्या शाळकरी मुलाकडून कागदावर काढून घ्या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा हे काम तिसरी-चौथीतले पोरही करील. मात्र एक सांगणे आहे. ओळख पटवायला मुलांच्या हाती बाटली देऊ नका, रिकामीसुद्धा नको. दुकानाची पावती द्या, नाही तर खोक्यात निघणारे घडीचे पत्रक द्या, तेही औषध सांडलेले नसेल तर. अक्षरे तिथेही तीच असतात.

आता आपण ही शेपटी का धरली ते सांगतो.

आपल्याकडे फवारायच्या प्रत्येक वस्तूला एकच नाव आहे : औषध. अळी पडली, औषध आणा. करपा आला, औषध आणा. तण माजले, औषध आणा. घुशी झाल्या, औषध आणा. आजारी माणसाला देतो तेही औषधच. एका शब्दाच्या गोणीत आपण तारणारे आणि मारणारे एकत्र भरले आहे. खरे बोलते ते फक्त आपले क्रियापद. औषध आपण ‘देत’ नाही, औषध ‘मारतो’. ‘सकाळी दोन पंप मारले,’ असे म्हणतो ना? तेवढ्यात सत्य निसटून बाहेर येते.

इंग्रजी शब्दाने मात्र काही लपवलेले नाही. शेपटी सांगते की हा मारणारा आहे, आणि शेपटीच्या आधीचा भाग सांगतो की कोणाला मारणारा आहे. म्हणजे शब्दाचे दोन तुकडे केले की बाटलीचा धंदा कळला.

ही शेपटी लॅटिन भाषेतून आलेली. तिथे ‘कापणे, तोडणे, मारणे’ अशा अर्थाचे एक क्रियापद होते, त्याचे हे वंशज. विळ्याच्या आकाराच्या अक्षराने सुरू होणारी शेपटी कापण्याचेच काम करते, हा निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला सोयीचा. संस्कृतात याच कामाला ‘घ्न’ लागतो. शत्रुघ्न म्हणजे शत्रूला मारणारा. कृमिघ्न म्हणजे जंत मारणारे. आणि कृतघ्न म्हणजे केलेले उपकार मारून टाकणारा. तेव्हा साइड म्हणजे आपला घ्न, किंवा चालू मराठीत ‘नाशक’.

चला, आता एकेक बाटली उतरवू.

पहिली, इन्सेक्टिसाइड. इन्सेक्ट म्हणजे कीटक, म्हणून कीटकनाशक. यात एक गंमत आहे. ‘इन्सेक्ट’ या शब्दाचाच मूळ अर्थ ‘चिरा पडलेला, कापे घातलेला’ असा आहे. मुंगळा किंवा गांधीलमाशी नीट पाहा : डोके, छाती, पोट असे तीन भाग मधोमध आवळल्यासारखे दिसतात. त्यावरून ते नाव पडले. म्हणजे या शब्दाच्या डोक्यातही कापणे आणि शेपटीतही कापणेच. कीटकाला पाय सहा असतात, हे शाळेत शिकवलेले विसरू नका. त्याचे काम पुढे लगेच पडणार आहे.

दुसरी, फंगिसाइड. फंगस म्हणजे बुरशी. द्राक्षावरचा केवडा आणि भुरी, टोमॅटोवरचा करपा, गव्हावरचा तांबेरा ही सगळी बुरशीची पिलावळ. मावा-तुडतुड्यांनी पाने आकसली आणि त्यावर फंगिसाइड मारले, तर पैसा, पाणी, दिवस तिन्ही गेले आणि मावा तिथेच. उलट करप्यावर कीटकनाशक मारले तरी तेच. या जातीची एक जुनी कथा सांगण्यासारखी आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, का, तर पाने निळी-पांढरी, किळसवाणी दिसावीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत. मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की चोरांसाठी शिंपडलेल्या या वेलींवर केवडा दिसत नाही. त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण जगापुढे मांडले. नाशिक-सांगलीचा बागायतदार आजही ‘बोर्डो’ म्हणतो तो हाच. चोर हाकलायला गेले आणि बुरशी हाकलली गेली!

तिसरी बाटली सगळ्यात सावधपणे पाहायची, कारण इथे नुसती शेपटी ओळखून भागत नाही, डोकेही वाचावे लागते. ती म्हणजे हर्बिसाइड. ‘हर्ब’ म्हणजे वनस्पती. हल्ली साबणावर, तेलावर, दंतमंजनावर ‘हर्बल’ हा शब्द छापलेला असतो, आणि हर्बल म्हणजे झाडपाल्याचे, निर्धोक, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. डोके तेच, पण शेपटी बदलली की काय होते पाहा. हर्बल म्हणजे वनस्पतीपासून केलेले, हर्बिसाइड म्हणजे वनस्पतीला मारणारे. आपले तणनाशक ते हेच. आणि शब्दात ‘तण’ कुठेही नाही हे पाहिलेत ना? नुसते ‘वनस्पती’ आहे. तण आणि पीक हा भेद तुमच्या-माझ्या मनातला. काही तणनाशके रुंद पानाच्या झाडांवरच चालतात, काही गवतवर्गीयांवर, आणि ग्लायफोसेटसारखी काही हिरव्या दिसेल त्याला धरतात. कोणते कोणत्या पिकात चालते ते पत्रकात दिलेले असते. ते ज्याला वाचता येत नाही त्याने निदान शेपटीमागचे डोके तरी वाचून घ्यावे.

या वस्तूला आपल्याकडे ‘वीडिसाइड’ असेही म्हणतात. वीड म्हणजे तण. हा शब्द अर्धा इंग्रजी, अर्धा लॅटिन, खिल्लारी आणि जर्सी एकाच जुवाखाली जुंपल्यासारखा. पण अर्थाने हर्बिसाइडपेक्षा सरळ. आपल्या देशाच्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातही तो आहे. त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र शब्द शोधणाऱ्याला चकवणारी आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘इन्सेक्टिसाइड’ या एकाच शब्दाखाली बुरशीनाशके आणि तणनाशकेही येतात. म्हणून दुकानाच्या परवान्यावर किंवा पाटीवर ‘कीटकनाशके’ असे लिहिलेले दिसले, तर आत फक्त कीटकनाशकेच आहेत असे समजू नका. पाटी कायद्याच्या भाषेत बोलते; तुमच्या कामाचे ते बाटलीवरच्या अक्षरांत.

चूक होते कशी, तेही पाहू. बाटल्या सारख्याच उंचीच्या, सारख्याच झाकणाच्या. संध्याकाळी गोठ्यात उजेड कमी. गडी विचारतो, ‘मालक, कोणतं घेऊ?’ मालक ओट्यावरूनच म्हणतात, ‘ते कालचंच औषध घे की रं.’ कालचे म्हणजे कोणते, हे दोघांच्या मनात वेगवेगळे असते. किंवा बाटली बरोबर असते, पण पंप तोच असतो, ज्यातून आठ दिवसांपूर्वी ज्वारीत ‘टू-फोर-डी’ मारले होते. हे रुंद पानाच्या तणांवरचे हर्बिसाइड आहे, आणि कपाशी त्याला कमालीची नाजूक. पंपाच्या तळाशी, नळीत, नोझलमध्ये राहिलेला अंशसुद्धा कपाशीला पुरतो. पाने अरुंद, लांबट, बोटांसारखी होतात, शिरा उठून दिसतात, शेंडा वेडावाकडा होतो. मग शेतकरी म्हणतो, नवा रोग आला, आणि आणखी एक औषध आणायला तालुक्याला जातो. द्राक्षाचीही तीच गत. उसात मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या बागेत जाते, नवी पाने पंख्यासारखी आकसतात आणि बांधावर भांडण उभे राहते.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. त्यावर तैलरंगाने ‘तण’ असे ठळक लिहून टाकावे. मराठीत लिहिलेले चालते, पंप काही इंग्रजी शाळेत जाणार नाही. वेगळा पंप परवडत नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून एक घ्यावा.

इथे त्रिकोणाचा विषय निघतोच. डब्यावर चौकट तिरकी उभी केलेली असते, तिच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. १९७१ च्या नियमांनुसार लाल म्हणजे अतिविषारी, त्यावर कवटी आणि दोन हाडे, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल आणि पिवळ्यावर ‘पॉयझन’ म्हणजे विष, निळ्यावर ‘डेंजर’ म्हणजे धोका, हिरव्यावर ‘कॉशन’ म्हणजे जपून. हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण हा रंग माणसाला किती विषारी एवढेच सांगतो. पिकाविषयी तो काहीही बोलत नाही. हिरव्या त्रिकोणाचे हर्बिसाइडही तुमची कपाशी खुशाल जाळील. रंग तुमच्यासाठी, शेपटीमागचे डोके पिकासाठी. दोन्ही पाहावे लागतात. आणि हिरवा म्हणजे ताक नव्हे, हेही सांगून ठेवतो.

राहिलेल्या बाटल्या भराभर पाहू. मायटिसाइड किंवा अकॅरिसाइड म्हणजे कोळीनाशक. मिरचीवर, वांग्यावर पानामागे बारीक जाळी करणारा लाल कोळी हा कीटक नव्हेच; मोठ्या कोळ्याला आठ पाय असतात. पाय मोजायला सांगितले होते ते यासाठी. पुष्कळ कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. नेमॅटिसाइड म्हणजे सूत्रकृमीनाशक. डाळिंबाच्या, टोमॅटोच्या मुळांवर गाठी येतात त्यांचा कर्ता हा सूत्रकृमी. लार्व्हिसाइड म्हणजे अळीनाशक. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांसाठी टाकतात त्याला हे नाव असते. ‘लार्व्हा’ हा लॅटिनमध्ये भुताचा किंवा मुखवट्याचा शब्द. अळीच्या मुखवट्याआड फुलपाखरू दडलेले असते, म्हणून. मोलस्किसाइड म्हणजे गोगलगायनाशक. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब फस्त केले, तेव्हा या शब्दाची गाठ पुष्कळांना पहिल्यांदा पडली. त्याचे डोके ‘मऊ’ या अर्थाच्या शब्दापासून आले आहे, मऊ अंगाचा प्राणी.

रोडेंटिसाइड म्हणजे उंदीर-घुशीनाशक. रोडेंट म्हणजे कुरतडणारा. याच ‘कुरतडणे’ या मुळापासून इंग्रजीत ‘इरोजन’ शब्द झाला, म्हणजे जमिनीची धूप. पावसाचे पाणी बांध कुरतडत जाते ते ज्याने पाहिले असेल त्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

आणि या सगळ्यांचा कारभारी शब्द पेस्टिसाइड. ‘पेस्ट’चे मूळ ‘साथीचा रोग, महामारी’ असे आहे. आता त्याचा अर्थ पिकाला उपद्रव देणारे काहीही. नुसते ‘पेस्टिसाइड’ वाचून काही ठरवू नका. गावच्या पाटलाचे नाव सांगितले म्हणून भावकीतला कोण ते कळत नाही.

आता शेताबाहेर जाऊ. ही शेपटी माणसांच्या जगातही फिरते, आणि तिथे ती जड वाटते. होमिसाइड म्हणजे मनुष्यवध. कोर्टकचेरीत कानावर येतो. इन्फँटिसाइड म्हणजे बालहत्या. मुलींना जन्मताच मारण्याविरुद्ध इंग्रज सरकारने १८७० साली कायदा केला, त्याच्या नावात हाच शब्द आहे. फीटिसाइड म्हणजे भ्रूणहत्या. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. देशाचा १९९४ मध्ये आला. जेनोसाइड म्हणजे अख्ख्या मानवसमूहाचा संहार. हा शब्द मात्र जुना नाही. राफाएल लेम्किन या पोलंडच्या कायदेपंडिताने दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा संहार पाहून तो घडवला आणि १९४४ साली आपल्या पुस्तकात छापला. गुन्हा एवढा मोठा की त्याला नावच नव्हते. नाव मिळाले, आणि चार वर्षांत, डिसेंबर १९४८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्ध करार केला.

आणि सुइसाइड. ‘सुइ’ म्हणजे स्वतःला. आपल्या वर्तमानपत्रांत हा शब्द ‘शेतकरी’ या शब्दाला जोडून इतक्यांदा आला आहे, की त्याचे तुकडे करून दाखवायला हात धजत नाही. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मन खचलेल्या माणसाची ती वेळ पुष्कळदा टळून जाणारी असते, आणि घरात विष हाताशी नसले तर ती टळण्याचा संभव वाढतो. म्हणून या बाटल्या कुलपात ठेवाव्यात, किल्ली एकाकडेच असावी, आणि मोसमाला लागेल तेवढेच आणावे. घरातले कोणी गप्प गप्प झाले, जेवणावरची वासना उडाली, तर त्याच्याजवळ बसा, विचारा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फुकट सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येते. घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायला हरकत नाही.

फवारणी करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कपाशी डोक्याइतकी उंच वाढलेली, अंगावर फवारा येत होता, आणि दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची चाल. तेव्हापासून आणखी एक शेपटी मी प्रत्येकाला ओळखायला सांगतो : ‘फॉस’. पी, एच, ओ, एस, किंवा नुसते एफ, ओ, एस. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस, मोनोक्रोटोफॉस. ही एका घराण्याची कीटकनाशके आहेत आणि ती माणसाच्या मज्जातंतूंवरही चालतात. तोंडाला लाळ, अंगाला घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, अशी लक्षणे दिसली की अंगावरचे कपडे उतरवा, अंग साबणपाण्याने धुवा आणि माणसाला तडक दवाखान्यात न्या. धुताना तुमच्याही हाताला ते लागू देऊ नका. पत्रक किंवा बाटलीचे लेबल बरोबर न्या. या घराण्यावर ॲट्रोपिन नावाचे इंजेक्शन डॉक्टर देतात, पण नाव कळले तर त्यांचा वेळ वाचतो. ‘काहीतरी औषध मारत होता’ एवढ्यावर डॉक्टरने काय करायचे?

‘फॉस’ ही अक्षरे शब्दाच्या शेवटी हवीत, हेही सांगतो. सुपर फॉस्फेट, डाय अमोनियम फॉस्फेट या खतांतही ती आहेत, पण मध्ये. ग्लायफोसेटमध्येही मध्ये आहेत, आणि ते या घराण्यातले नव्हे.

अक्षरे फसवतात, याचे उदाहरण आपल्या मूळ चौघांतही आहे. विळा, काठी, भाकरी, दाताळे अशी चारही अक्षरे असलेले पण कोणाला न मारणारे शब्द पुष्कळ आहेत. ‘डिसाइड’ म्हणजे ठरवणे. याचे मूळ मात्र कापण्याचेच. मनातले गुंते कापून मोकळे होणे म्हणजे निर्णय. आपण म्हणतो ना, एक घाव दोन तुकडे! दुसरे घराणे ‘पडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे आहे. ते दिसायला हुबेहूब, पण रक्त वेगळे. ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आता एसटी स्टँडवरच्या म्हातारीलाही ठाऊक आहे. त्याच्या पोटात ही चार अक्षरे आहेत. अर्थ, अंगावर येऊन पडलेले. आपल्या ‘अपघाता’त घात आहे, इंग्रजीत नुसते पडणे. ‘इन्सिडेंट’ म्हणजे घटना. ‘कोइन्साइड’ म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी येऊन पडणे, बाजाराचा दिवस आणि सोयरीक पाहायला पाहुणे. ‘ऑक्सिडेंट’ हा जुना, पुस्तकी शब्द. अर्थ पश्चिम दिशा, जिकडे सूर्य खाली पडतो. आपण मावळतीकडे म्हणतो तेच. ‘सायडर’मध्येही ती अक्षरे आहेत, आणि ते सफरचंदाचे पेय. तेव्हा खात्री करायची तर अक्षरे अगदी शेवटी आहेत ना ते पाहा, आणि आधी एखादे जिवंत नाव आहे ना तेही पाहा.

आणखी एक चकवा उच्चाराचा. इनसाइड म्हणजे आत, आउटसाइड म्हणजे बाहेर. कानाला तेच ‘साइड’, पण लिहिताना पहिले अक्षर सी नाही, एस आहे. एस म्हणजे वेटोळे घातलेला साप. विळा असेल तर मारणारा, साप असेल तर नुसती बाजू. उलटे वाटते खरे; पण अक्षरांच्या जगात सापाला भिण्याचे कारण नाही, विळ्याला आहे.

शोधायचे कसे, असे पुष्कळ वाचक विचारतात. शब्दकोश या कामाला लंगडा पडतो, कारण तो शब्दाच्या डोक्याकडून लावलेला असतो, शेपटीकडून नाही. त्यापेक्षा जुन्या वहीचे एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. उजवीकडे शेपटी एकदाच लिहा. डावीकडे घरातल्या पावत्यांवर सापडेल ते डोके लिहीत जा, आणि त्याच्यासमोर ते कोणाला मारते ते मराठीत. मुलांनी अक्षरे लिहावीत, मोठ्यांनी अर्थ सांगावा. घरात कोणते औषध कशाचे आहे, हे बायकांना बहुधा कोणी सांगत नाही, आणि खुरपायला, वेचायला रानात त्याच जातात. त्यांनी हे पान आधी वाचावे. दुकानातून पक्की पावती घेतल्याशिवाय मात्र पान भरणार नाही. पावती मागितली की काही दुकानदार कपाळाला आठ्या घालतात, घालू द्या.

आता या वेळचे शब्द. कागदावर लिहून तुकडे करा आणि मग उत्तरे पाहा.

१. अल्जिसाइड. शेततळ्याच्या पाण्याशी संबंध.
२. ओव्हिसाइड. बोंडअळीच्या अगदी पहिल्या अवस्थेशी संबंध.
३. बॅक्टेरिसाइड. डाळिंबाच्या तेल्याशी संबंध.
४. रोडसाइड. हा ओळखायला जरा थांबा.

उत्तरे : १. अल्गी म्हणजे शेवाळ, शेवाळनाशक. २. ओव्हम म्हणजे अंडे, अंडीनाशक. ३. बॅक्टेरिया म्हणजे जिवाणू, जिवाणूनाशक. तेल्या हा बुरशीचा नव्हे, जिवाणूचा रोग आहे. ४. इथे विळा नाही, साप आहे. अर्थ, रस्त्याची कड. मिलार्डेला त्या निळ्या-पांढऱ्या वेली तिथेच दिसल्या होत्या.